दाजी म्हणाले, अर्थ न्हाई

आमच्या धंद्यात एकाच तारेला गावोगाव वेगळं नाव असतं. बॅटरीला दोन तारा. लाल तार करंट घेऊन दिव्याला, हॉर्नला, सगळीकडं जाते. काळी तार गाडीच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली असते, आणि बाहेर गेलेला सगळा करंट तिच्यातून घरी परत येतो. या काळ्या तारेला मी ‘बॉडी’ म्हणतो, कारण अंबाजोगाईच्या ज्या गॅरेजात मी शिकलो तिथं सगळे बॉडी म्हणायचे. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, तिला ‘अर्थ’ म्हणतात. ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता गाड्यांकडं वळले, आणि मोटारवाले ‘अर्थिंग’वरून अर्थच म्हणतात.

या एका शब्दापायी मी सहा वर्षं एका चांगल्या माणसाची मान खाली घालायला लावली. त्यांना तसं कळूही दिलं नाही. आता सांगून टाकलंय, तोंडी. लिहून ठेवावं असं मागाहून वाटलं.

मी घाटनांदूरला रस्त्याकडेला गाड्यांचं वायरिंग करतो. बोलका नाही. बायको म्हणते, या माणसाच्या तोंडाचं कनेक्शन लग्नाआधीच कुणीतरी तोडलेलं होतं. त्यामुळं मी काही लपवतोय हे घरात कुणाला कळायची सोय नव्हती. मी नेहमीसारखाच गप्प होतो.

डब्याच्या गाड्या आल्या तेव्हा आम्ही सगळे वायरमन भ्यालो होतो. डबा म्हणजे इंजिनाचं डोकं. कंपनीवाले त्याला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. डिझेल किती, कधी, सगळं तोच ठरवतो. तो बिघडला तर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, आणि मिळायला लांबच्या शहरात जावं लागतं. दाजी तेवढे भ्याले नाहीत. ते तलवाड्याला. मी घाटनांदूरला. मधे सगळा बीड जिल्हा. पण अडलं की मी फोन करायचो. ते म्हणायचे, “फोन इंजिनाजवळ धर. आता चाबी मार.” नुसता स्टार्टरचा आवाज ऐकून ते दहातल्या आठ गाड्यांचं दुखणं बरोबर सांगायचे. त्यांच्या कानाचं नाव पार गेवराईपर्यंत होतं.

एकदा एक शेळ्यांचा व्यापारी माझ्याकडं पिकअप घेऊन आला. बापजाद्यापासून मेंढरं राखणारं घर, हा त्यातला बाजार करणारा. तोंडानं फाटका, मनानं मोकळा. ईदच्या आधीचा मोठा बाजार चार दिवसांवर आलेला, आणि गाडी सकाळी चालू होईना. झालीच तर वाटेत बंद पडायची. स्टार्टर कण्हत फिरायचा. स्कॅनर लावला की डबा कधी बोलायचा, कधी नाही. बोलला तेव्हा एकच रडगाणं: मला व्होल्टेज कमी मिळतंय.

मी बॅटरीवर मीटर ठेवला. बारा पॉइंट सहा. उत्तम. मग याला कमी कुठून मिळतंय? फ्यूज बघितले, रिले बदलला, लाल तार या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. तीन दिवस गेले. व्यापारी रोज येऊन टायरवर बसायचा.

“काय झालं बे?”

“बघतोय.”

“तू बघतो, मी बी बघतो. गाडीच तेवढी आपल्याकडं बघंना.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दाजींना फोन लावला. ते आठवडी बाजारात होते. मागं कोंबड्यांचा, माणसांचा, भोंग्याचा कालवा. मी सगळं सांगितलं. फोन इंजिनाजवळ धरला, चाबी मारली. दाजींनी ऐकलं आणि म्हणाले, “अरे, त्येला अर्थ न्हाई राहिला.” आणि रेंज गेली.

मी ऐकलं ते असं, की त्यात काही अर्थ राहिला नाही. संपला. डबा गेला. टाकून द्या.

आता कुणालाही वाटेल, एवढी वर्षं दाजींच्या तोंडून तारेला अर्थ, अर्थ ऐकत आलेला माणूस हे कसं चुकला? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खरं सांगायचं तर माझ्या कानाचा दोष नव्हता. तीन दिवस झुकून माझी पाठ गेली होती, व्यापाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि डबा गेला म्हटलं की सगळा दोष डब्यावर जातो, वायरमन सुटतो. मला तसंच ऐकायचं होतं. म्हणून तसंच ऐकू आलं. मी दाजींना परत फोन केला नाही. रेंज दहा मिनिटांनी आलीच असती.

त्याहून वाईट पुढं केलं. व्यापारी म्हणाला, “नक्की डबाच ना?” तेव्हा मी म्हणालो, “मी नाही म्हणत. दाजी म्हणाले.”

त्यानं डबा आणला. बसवताना मी बॅटरी सोडली, दोन्ही तारा काढल्या, परत आवळल्या. गाडी एका झटक्यात चालू. ईदचा बाजार मात्र होऊन गेला होता. त्याच्या शेळ्या पुढं मिळेल त्या भावानं गेल्या.

पाच-सहा महिन्यांनी तीच गाडी त्याच दुखण्यानं परत दारात. या वेळी मी गाडीखाली झोपलो. त्या पिकअपची बॅटरी मागं शेळ्या उभ्या राहतात त्या हौद्याखाली, चासीच्या कडेला असते. काळी तार तिथंच लोखंडाला आवळलेली. वरच्या फळ्यांत फट, आणि त्या फटीतून इतकी वर्षं शेळ्यांचं मूत थेंब थेंब त्या बोल्टावर पडत होतं. बोल्ट हिरवा-पांढरा फुलून आला होता, भिंतीला खार फुलावा तसा. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर ठेवला तर बारा पॉइंट सहाच दाखवणार. पण मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरं इंजिनाच्या लोखंडावर ठेवून चाबी मारली, तर त्या एका बोल्टावरच तीन व्होल्ट अडकत होते. ते डब्यापर्यंत पोचतच नव्हते. डबा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. मागच्या वेळी मी तार काढून आवळली, तेवढ्यानं गंज थोडा खरडला गेला आणि गाडी चालली. नवा डबा नुसता निमित्ताला.

गाडीखाली उताणं पडल्या पडल्या मला दाजींचं वाक्य आठवलं. अर्थ न्हाई राहिला. माझ्या कपाळावर एक थेंब पडला, तो मला फार योग्य वाटला.

मी बोल्ट घासला, तार कोरड्या बाजूला नेऊन बांधली, वर ग्रीस लावलं. बाहेर आलो. व्यापारी चकित. “च्यायला! तुह्या दाजीनं डबा बदलायला लावला, आन् तू एका बोल्टात काम केलं? गुरूपेक्षा चेला भारी निघाला की बे!”

तेव्हा बोलायचं होतं. माझ्या पुढ्यात चहा आला. मी प्यालो.

जनावरांचा बाजार म्हणजे आमच्याकडचा टीव्ही. इकडं शेळी विकताना बोललेली गोष्ट आठ दिवसांत तिकडं बैल विकताना ऐकू येते. माझं नाव झालं. घाटनांदूरचा तो एका बोल्टात गाडी चालू करतो. आणि दाजींचंही झालं. कुणीतरी म्हणालं, तलवाड्याचा तो म्हणजे नाडी न बघता तेराव्याचा स्वयंपाक सांगणारा वैद्य. लोकांना म्हण आवडली. गेवराईच्या बाजारात दाजी दिसले की पोरंटोरं कानाला हात लावून म्हणायची, “हॅलो, डबा बदला!”

दाजी भांडले नाहीत. आक्का फोनवर सांगायची, “तुझे दाजी आता डब्याच्या गाडीला हातच लावत न्हाईत. हॉर्न आन् लायटी. दुपारीच घरी येऊन बसत्यात.” मी ‘हं’ म्हणायचो. एका दिवाळीला ते आमच्याकडं आले, तेव्हा त्यांनी आपला चांगला मीटर मला दिला. “ठिव तुला. माझ्याकडं नुसता पडून हाय.” मी घेतला. याच्यापेक्षा नीच काम माझ्या हातून झालं नाही. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मागच्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. आक्काची धाकटी. मामा म्हणून मला आठ दिवस आधी जावं लागलं. मी ठरवून गेलो होतो की हळदीआधी दाजींना एकट्याला गाठून सांगायचं. पण लग्नघरात मुलीचा बाप एकटा सापडेल तर शपथ. ते मांडववाल्याशी, मी आचाऱ्याशी. एकदा विहिरीपाशी सापडले तर म्हणाले, “पाव्हणं, बुंदीचं तेल बघा जरा.” मी तेल बघायला गेलो. मला तेल फार महत्त्वाचं वाटलं.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव मारुतीच्या देवळात पाया पडून निघाला. आमच्याकडं या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पुढं बँडवाल्यांची सजवलेली पिकअप, तिच्यावर माणसाएवढे भोंगे, जनरेटर, मोरपंखी झालर. मागं घोडीवर नवरदेव. मधे नाचणारी मंडळी. देवळापासून मांडवापर्यंत अरुंद बोळ आणि थोडा चढ. चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली.

भोंगे जनरेटरवर असल्यानं गाणं काही थांबलं नाही. नाचणाऱ्यांना पत्ताच नाही. गाणं संपलं तसं ड्रायव्हरनं चाबी मारली. गाडी चालू. पुढचं गाणं लागलं, धाड धाड दोन ठोके पडले, गाडी बंद. असं तीनदा झालं. मग नाचणाऱ्यांच्या लक्षात आलं.

“आरं, गाणं लागलं की गाडी बंद पडती!”

“मग काय! गाडी बंद ऱ्हाऊ द्या, गाणं चालू ठिवा!”

नवरदेवाच्या दोस्तांना याच्याहून मोठी भेट काय मिळणार? हलगीवाले पुढं सरकले. एक काका फेटा सोडून फेट्याशीच नाचायला लागले. घोडी कंटाळून कुणाच्या तरी दारातली तुळस खायला लागली आणि घरमालकीण बाहेर येऊन घोडीला बोलता बोलता हसायला लागली. मांडवात भटजी मात्र घड्याळ दाखवत होते. गाडी ढकलायची तर वर जनरेटर, खाली चढ. बोळ अडलेला. घोडी कडेनं जाईना, नवरदेव खाली उतरेना.

“नवरीच्या मामाला बोलवा! एका बोल्टात गाडी चालू करतो त्यो!”

झालं. मला खांद्यावरून उचलल्यासारखं आणलं. पिशवीत मीटर होताच, दाजींनी दिलेला. मी रुबाबात गाणं बंद करायला लावलं आणि गाडीखाली गेलो. थेट काळी तार. माझं नावच तिच्यावर झालेलं. मोजलं. चाबी मारून परत मोजलं. तार ठणठणीत, बोल्ट कोरा. वर आलो, डब्याचा सॉकेट काढला, त्याच्या लाल तारेवर मीटर ठेवला. बारा पॉइंट चार. तेही उत्तम. सगळं उत्तम, आणि गाणं लागलं की गाडी बंद. घामानं माझा नवा सदरा पाठीला चिकटला.

गर्दीतून कुणी म्हणालं, “आरं, मग दाजींना इचारा की! गुरू इथंच उभा हाय.”

आणि एक बाजारकरी पाहुणा लगेच, “त्यांना नगा इचारू! डबा बदलायला लावतील. मुहूर्त मग पुढच्या सालचा!”

बोळभर हशा पिकला. मी वळून बघितलं. मुलीच्या बापाचा फेटा बांधून दाजी मांडवाच्या कमानीखाली उभे होते. तेही हसत होते. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच. एखादा माणूस आपल्यावरच्या थट्टेत इतका सवयीनं सामील होतो, हे मी आधी पाहिलं नव्हतं. कारण मी बाजारात त्यांच्याबरोबर कधी गेलोच नव्हतो.

माझ्या तोंडून निघालं, “त्यो डबा दाजींनी न्हाई बदलायला लावला. म्या लावला.”

आवाज बहुतेक मोठा निघाला. मी मोठ्यानं बोललोय म्हणजे काहीतरी झालंय, अशी माझी ख्याती असल्यानं घरची माणसं आधी गप्प झाली, मग बाकीची.

दाजी पुढं आले. “काय म्हणलास?”

“ती शेळ्यांची पिकअप, दाजी. तुमी फोनवर बरोबर सांगितलतं.”

“मी काय म्हणलतो?”

“त्येला अर्थ न्हाई राहिला, असं.”

“मग बरोबर हाय की. स्टार्टर कण्हत व्हता. अर्थच गेलता. मग?”

“मला वाटलं…” पुढं येईना. “मला वाटलं, तुमी म्हणताय, काही अर्थ न्हाई राहिला.”

घोडी तेवढी तुळस चावत होती. मग गावातले एक म्हातारे गुरुजी, जन्मभर मराठी शिकवलेले, खुर्चीतून काठी टेकत उठले आणि म्हणाले, “संदर्भासहित स्पष्टीकरण न लिहिता उत्तर दिलं की हे असं होतं. शून्य मार्क.”

असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. हलगीवाल्यानं हसता हसता हलगी वाजवली. आक्का पदर तोंडाला लावून मांडवातून आली होती. ती हसत होती की रडत, मला बघायचा धीर झाला नाही. दाजी मात्र हसत नव्हते.

“कवा कळलं तुला?”

“सहा म्हैन्यांनी. बोल्ट घासून टाकला म्या. आन् बोललो न्हाई.”

“कावून?”

उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. म्हणालो, “नाव झालतं, दाजी. लोक चहा पाजायले.”

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. हिशेब लागत नसलेला माणूस एकदम आकडा दिसल्यावर बघतो तसं. मग हळू म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल इतकं, “सहा वर्सं मी म्हणायचो, आपलाच कान गेला आसंन. रातच्याला पडल्या पडल्या स्टार्टरचा आवाज आठवायचो त्यो. म्हणायचो, मला तर अर्थच गेल्यावानी वाटलं व्हतं. मग डबा कसा निघाला?”

मी त्यांचे पाय धरले. मुलीच्या लग्नात मामानं बापाचे पाय धरायची रीत नाही, पण धरले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि एकदम म्हणाले, “सरक. गाडी बघू दे.”

मी मीटर पुढं केला. “ठिव तिकडंच,” म्हणाले. “तू सॉकेट काढून मोजलं ना?”

“व्हय.”

“उपाशी तारेला ताकद इचारतोस व्हय बे! रिकामा बसलेला गडी म्हणतोच, मी शंभर पोती उचलतो. आधी एक पोतं पाठीवर दे. मग इचार.”

त्यांनी त्याच पिकअपच्या मागचा ब्रेकचा बल्ब काढायला लावला, दोन तारांचे तुकडे घेतले आणि फेट्यासकट डॅशबोर्डखाली शिरले. डब्याच्या लाल तारेवर बल्ब लावला. बारा पॉइंट चार दाखवणारी ती तार, आणि बल्ब पेटला कसा, तर विझत आलेल्या विडीसारखा. लालसर, मरतुकडा. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून एका धाग्यावर लटकलेली तारसुद्धा त्याला धडधाकट दिसते. बल्बाला खायला लागतं. त्यानं मागितलं, आणि तारेकडं नव्हतं.

“आता गाणं लावा,” आतून आवाज आला.

ठोका पडला. बल्ब गेला. ठोका सरला. बल्ब आला. पोरं ओरडली. बल्ब गाण्यावर नाचत होता!

दाजी तारेवरून बोट फिरवत फिरवत गेले आणि थांबले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकायला येईना म्हणून बँडवाल्यांनी त्याच्या कानाजवळ छोटा भोंगा बसवला होता, आणि त्याची तार जनरेटरवरून न घेता डब्याच्याच तारेत जोडली होती. दातांनी सोलून. सोलताना आतल्या तांब्याचे बहुतेक धागे तुटलेले, दोन-तीनच शिल्लक. त्या दोन-तीन धाग्यांवर डबाही जगत होता आणि गाणंही. ठोका पडला की गाणं सगळं खाऊन टाकायचं, डबा उपाशी, गाडी बंद.

“कुणी सोललं हे?” दाजींनी विचारलं.

गाणाऱ्यानं माइक हातात असताना लाजून खरं सांगितलं, “म्याच, काका.” ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

“दात चांगले हायती. बुंदी खायला ये.”

त्यांनी भोंग्याची तार जनरेटरवर नेली, तुटलेलं टोक पिळून पक्कं जोडलं, वर टेप गुंडाळली. गाणं, आणि गाडी, दोन्ही एकाच वेळी चालू. बोळात जो आरडाओरडा झाला तो नवरदेवासाठी नव्हता. ज्या बाजारकरी पाहुण्यानं टोमणा मारला होता, त्यानंच दाजींना खांद्यावर घेतलं. दाजी वरून ओरडत होते, “आरं, खाली ठिवा! मला कन्यादान करायचंय!”

मुहूर्त दोनला लागला. म्हणजे आमच्याकडच्या मानानं वेळेवर. कन्यादानाला दाजी बसले तेव्हा त्यांच्या हळद लागलेल्या हातांवर काळ्या बोटांचे ठसे होते. आक्का म्हणाली, “हात तरी धुवायचे.” भटजी म्हणाले, “राहू द्या, पाणी सोडायचंच आहे.”

पंगतीत दाजी स्वतः बुंदीचं पातेलं घेऊन माझ्यासमोर आले. मी पोट भरल्याची खूण केली. “हात काढ ताटावरून,” म्हणाले, आणि वाढत राहिले. मी खात राहिलो. बाजूचा पाहुणा म्हणाला, “आहो बास की, मारता का मेव्हण्याला?” दाजी म्हणाले, “मरत न्हाई. लई पचवलंय त्यानं.”

हे ते हसून म्हणाले. पण म्हणाले. मला ते बरं वाटलं. काहीच न म्हणता माफ केलं असतं तर मी अजून गप्पच असतो.

लग्नाहून आल्यावर राहिलेलं काम शेळ्यांच्या व्यापाऱ्याकडं. बाजाराच्या दिवशी मी त्याचा जुना डबा घेऊन गेलो. तो माझ्याकडंच पडून होता, चांगला, चालणारा. शेळ्यांच्या घोळक्यात उभं राहून सगळं सांगितलं. या वेळी जरा सोपं गेलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग पाच मिनिटं मला माझ्या कुळासकट शिव्या दिल्या. एकही परत वापरली नाही. ईदचा बाजार, त्याचे बोकड, एकेका बोकडाचा रंग त्याला आठवत होता. मी म्हणालो, या गाडीचं काम जन्मभर मी फुकट करीन.

“तुहा हातच मह्या गाडीला लावायचा न्हाई बे,” तो म्हणाला. डबा मात्र काखेत मारला. “तुह्या दाजीला मी बाजारात काय काय बोललोय, ठाऊक हाय का तुला? त्या बिचाऱ्यानं एका शब्दानं उत्तर न्हाई दिलं.”

“ठाऊक हाय.”

“न्हाई ठाऊक. जा आता.”

त्यानंतर महिनाभरानं, सकाळी मी दुकानापुढं एका ट्रॅक्टरची लाइट जोडत होतो. लांबून गाडीचा आवाज आला. एक आचका, मग नीट, परत आचका. इंजिनाला कुठंतरी करंट तुटत होता, ऐकूनच कळत होतं. तीच शेळ्यांची पिकअप. मागं दहा-बारा शेळ्या, फळीवर माना टेकून. मी हातातलं सोडून रस्त्यावर आलो आणि हात केला. व्यापारी थांबला नाही. वेग तेवढा कमी केला, आणि खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला,

“तलवाड्याला चाललोय!”

“आरं, शंभराच्या वर किलोमीटर हाय! वाटंत बंद पडली तर?”

“तर दाजीला फोन लावतो! आवाजावरनं सांगतो म्हणं त्यो!”

आणि गेला. आचका देत, हॉर्न वाजवत, माझ्या दुकानावरून, माझ्या पाटीवरून. रस्त्यापलीकडचा हॉटेलवाला म्हणाला, “काय हो, गिऱ्हाईक पळालं की तुमचं!” आणि मी भर रस्त्यात एकटाच मोठ्यानं हसत उभा होतो. ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्या बायकोला बोलवायला आत गेला. त्याला वाटलं, मला शॉक बसला.